लेझर की आरएफए? आधी डॉप्लरचा कागद नीट वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५४ वर्षांचे, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी (व्हेरिकोज व्हेन्स) आहेत, घोट्याच्या वर आतल्या बाजूची कातडी काळी पडली आहे. गेल्या पावसाळ्यात तिथंच जखम झाली आणि ती भरायला चार महिने लागले. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मांडीतली मोठी शीर (जीएसव्ही) ९ मिलिमीटर रुंद आणि झडपा गळतात, असं आलं. मिरजेच्या डॉक्टरांनी लेझर सुचवलं, साताऱ्याचे पाहुणे आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर बंद करणं) करा म्हणतात, तिसरा कुणी ग्लूचं (शीर गोंदानं चिकटवण्याचं) नाव घेतो. यातलं कोणतं चांगलं? आणि शीर जाळून टाकल्यावर रक्त जाणार कुठून?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बरेच लोक त्या भीतीनंच वर्षानुवर्षं पाय तसाच ठेवतात. पायातलं रक्त वर नेण्याचं मुख्य काम स्नायूंच्या आतल्या खोल शिरा करतात. कातडीखालची ही शीर म्हणजे बाजूचा छोटा पाट. तुमच्या वडिलांच्या पाटाच्या झडपा निकामी झाल्यात, त्यामुळे वर चढलेलं रक्त जांघेतून त्याच पाटानं परत खाली उतरतं आणि घोट्याशी साचतं. काळेपणा, खाज, इसब, जखम हे सगळं त्या साचलेल्या दाबाचं फळ. तो पाट बंद केला की रक्त खोल शिरांच्या वाटेनं जातं आणि घोट्यावरचा दाब उतरतो. अट एकच, खोल शिरा मोकळ्या हव्यात. पूर्वी गुठळी होऊन त्या बुजल्या असतील तर हाच पाट पायाचा आधार असतो, मग तो बंद करणं चूक. पुढे हृदयाच्या बायपासला शीर लागली तर काय, हेही लोक विचारतात. ९ मिलिमीटर फुगलेली, गळकी शीर बायपासच्या फारशी कामाची नसते, आणि उजवा पाय आहेच.

आता लेझर की आरएफए. दोन्हींचं काम एकच आहे. आतून उष्णता देऊन शिरेची भिंत आकसवायची. आतलं अस्तर मरतं, भिंतीतलं कोलॅजन आखडतं, नळी मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत तिची बारीक दोरी होऊन ती जिरून जाते. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. शीर भिंतीला भिंत चिकटून बंद व्हायला हवी. आत रक्त राहिलं आणि उष्णतेनं नुसतं तेच गोठलं, तर त्या गुठळीतून पुन्हा वाट फुटते आणि वर्षभरात शीर उघडते. पुढची सगळी काळजी शीर रिकामी ठेवून भिंतीला सारखी उष्णता देण्यासाठी घ्यायची असते. ती घेतली तर दोन्ही पद्धतींत शंभरातल्या नव्वदहून जास्त शिरा वर्षांनंतरही बंदच राहतात. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर लेझर, आरएफए, फोम (शिरेत औषधाचा फेस सोडणं) आणि जुनी शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. फोममध्ये शिरा जास्त उघडल्या, बाकी तिन्ही जवळपास सारख्या ठरल्या. पहिल्या दिवसांत दुखणं आरएफए आणि फोममध्ये कमी होतं.

म्हणून यंत्राच्या नावावर अडून बसू नका. माझा भर डॉप्लरवर आणि भुलीच्या पाण्यावर राहील.

तुमच्या कागदावर ‘जीएसव्ही ९ मिमी, एसएफजे इनकॉम्पिटंट’ (म्हणजे ही शीर जांघेत खोल शिरेला मिळते तो जोड गळका) एवढंच असेल तर तो अपुरा आहे. आधी विचारा, तपासणी उभं करून केली का? झोपवून केलेल्या डॉप्लरमध्ये गळती लपते. माणसाला उभं करायचं, वजन दुसऱ्या पायावर घ्यायला सांगायचं, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजायचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिलं तर ती गळती. मग या गोष्टी कागदावर हव्यात: गळती कुठून सुरू होते आणि कुठं संपते, शीर मांडीत किती रुंद आणि गुडघ्याशी किती, कातडीपासून किती खोल, सरळ आहे की नागमोडी, खोल शिरा मोकळ्या आहेत का. मांडीच्या पुढच्या बाजूला एक जोडशीर असते, तीही गळते का ते पाहिलेलं हवं. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर दोन-तीन वर्षांनी नव्या गाठी तिच्यातूनच उगवतात आणि लोक म्हणतात, ‘लेझर फेल गेलं.’ पोटरीच्या मागची छोटी शीर (एसएसव्ही) वेगळी तपासायची. आणि वडिलांची जखम जिथं भरली, त्याच्या खाली आतून बाहेर येणारी एखादी फुगलेली पर्फोरेटर (खोल आणि वरच्या शिरांना जोडणारी शीर) आहे का, हेही. ती साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि गळकी असेल तर तिचा विचार निराळा करावा लागतो.

एवढं सगळं रेडिओलॉजिस्टनं लिहिलं तरी, जो डॉक्टर शीर बंद करणार त्यानं ऑपरेशनच्या दिवशी स्वतः सोनोग्राफीचा प्रोब हातात घेऊन, वडिलांना उभं करून, मार्करनं पायावर शीर आखून घ्यायला हवी. टेबलावर झोपवलं की गाठी बसतात आणि दिसेनाशा होतात.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते. गुडघ्याच्या जरा खाली, सोनोग्राफीत बघत, बारीक सुईनं शिरेत शिरायचं. त्यावेळी टेबल पायाकडे उतरतं ठेवतात म्हणजे शीर भरून येते आणि सुई चुकत नाही. सुईतून तार, तारेवरून एक छोटी नळी, नळीतून लेझरचा फायबर किंवा आरएफएचा कॅथेटर जांघेपर्यंत. त्याचं टोक जांघेतल्या जोडापासून किमान दोन, शक्यतो अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. या दोन सेंटिमीटरवर बरंच अवलंबून आहे. टोक पुढे गेलं तर उष्णता खोल शिरेला लागते आणि तिथं गुठळी सरकू शकते. फार मागे राहिलं तर लांब बुंधा गळताच राहतो.

मग येतं भुलीचं पाणी, म्हणजे ट्युमेसंट. लोक याला ‘भूल दिली’ म्हणून सोडून देतात, पण उपचाराचा खरा कस इथं लागतो. अर्धा लिटर थंडगार सलाइनमध्ये २ टक्क्यांचं ॲड्रिनॅलिनवालं लिग्नोकेन २५ मिली आणि टोचल्यावर आग होऊ नये म्हणून सोडाबायकार्ब १० मिली, असा एक नेहमीचा मेळ. हे शिरेच्या भोवतीच्या पापुद्र्यात सोनोग्राफीत बघत भरायचं. पडद्यावर शीर डोळ्यातल्या बुबुळासारखी दिसते, वर-खाली पापण्यांसारखे दोन पांढरे पडदे. पाणी त्या डोळ्यात गेलं तर शीर मधोमध चेपून बारीक होते आणि चहूबाजूंनी काळं पाणी दिसतं. पाणी पापणीच्या बाहेर चरबीत गेलं तर मांडी फुगलेली दिसते, पण शीर तशीच गुबगुबीत राहते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पडद्यावर फरक कळतो. एका सेंटिमीटर शिरेला साधारण १० मिली, म्हणजे ४० सेंटिमीटरला सुमारे ४०० मिली पाणी लागतं.

या पाण्याची तीन कामं. दुखणं थांबवतं, शीर दाबून रिकामी करतं, आणि कातडी व नस (संवेदनेचा मज्जातंतू) यांना उष्णतेपासून लांब ठेवतं. कातडी आणि शीर यांच्यात किमान एक सेंटिमीटर पाणी हवं. बारीक माणसाच्या मांडीत शीर कातडीला लागून असते, तिथं कंजूषपणा केला की कातडी भाजते आणि त्या रेषेवर कायमचा डाग राहतो. औषधाचा हिशोबही ठेवावा लागतो. ॲड्रिनॅलिनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२०. असं पातळ करून पसरवलेलं औषध याहून जास्त सोसतं, तरी मी त्या भरवशावर राहत नाही. वरच्या मेळात ४०० मिलीतच ती मर्यादा जवळ येते. दोन्ही पाय एकाच दिवशी करायचे असतील तर औषध निम्मं पातळ करायचं किंवा दुसरा पाय पुढच्या वेळी.

इथंच कमरेच्या भुलीबद्दल सांगतो. आपल्याकडे अजूनही बरेच जण ही प्रक्रिया स्पायनल देऊन करतात. रुग्णाला काही कळत नाही, डॉक्टरला घाई नसते, म्हणून सोयीचं वाटतं. पण मग पाय चार-सहा तास हलत नाहीत, लघवी अडते, आणि लगेच चालवण्याचा मोठा फायदा हातचा जातो. शिवाय पोटरीत नसेला चटका बसायला लागला तर जागा माणूस ‘आई गं’ म्हणतो, स्पायनल दिलेला म्हणत नाही. आणि स्पायनल आहे म्हणून भोवतीचं पाणी कमी भरणं, ही सगळ्यात वाईट चूक. नुसत्या स्थानिक भुलीवर करणारे कुणी मिळाले तर त्यांना झुकतं माप द्या.

पाणी भरल्यावर टेबल डोक्याकडे उतरतं करायचं म्हणजे शीर आणखी रिकामी होते. फायबरचं टोक पुन्हा एकदा बघायचं, कारण पाणी भरताना ते सरकतं. मग उष्णता.

आरएफएच्या नेहमीच्या कॅथेटरला पुढे ७ सेंटिमीटरची गरम होणारी कांडी असते. ती १२० अंशांवर २० सेकंद तापते. जांघेजवळच्या पहिल्या तुकड्याला दोनदा, मग साडेसहा सेंटिमीटर मागे ओढून पुढच्याला एकदा, असं खाली येत जायचं. अर्धा सेंटिमीटर आधीच्या तुकड्यावर चढतो, म्हणजे मधे कच्ची जागा राहत नाही. ४० सेंटिमीटर शिरेला सात तुकडे, आठ वेळा तापवणं, म्हणजे तीन मिनिटांच्याही आत. यंत्रावर वॅटचा आकडा सुरुवातीला वर असतो आणि लगेच उतरतो. उतरला नाही तर शिरेत अजून रक्त वाहतंय आणि उष्णता तेच घेऊन जातंय. अशा वेळी वरून प्रोबनं दाबायचं किंवा पाणी अजून भरायचं. तापमान यंत्रच सांभाळतं, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या कामात फार तफावत पडत नाही. ही आरएफएची मोठी बाजू.

लेझरमध्ये हात सांभाळावा लागतो. फायबर सतत मागे ओढायचा आणि दर सेंटिमीटरला ठरलेली ऊर्जा पडली पाहिजे. १४७० नॅनोमीटरच्या लेझरला साधारण ६० ते ८० जूल. ८ वॅटवर ८० जूल द्यायला दहा सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटर. ४० सेंटिमीटरला ३२०० जूल, सात मिनिटांच्या जरा आत. हात घाईत गेला तर तेवढा तुकडा कच्चा राहून उघडतो. एकाच जागी रेंगाळला तर भिंतीला भोक पडतं, मांडी काळी-निळी होते आणि दुखते. खोलीतल्या सगळ्यांना, रुग्णालाही, लेझरचा चष्मा लावायचा असतो. लेझर म्हटलं की एक प्रश्न विचाराच, तरंगलांबी किती आणि फायबर कोणता? जुनी ८१० किंवा ९८० ची यंत्रं रक्तातल्या हिमोग्लोबिनला तापवतात आणि उघड्या टोकाचा फायबर एकाच बिंदूवर जाळतो. १४७० चं लेझर भिंतीतल्या पाण्याला तापवतं आणि रेडियल फायबर चारी बाजूंनी गोल प्रकाश टाकतो, त्यामुळे दुखणं कमी. १४७० रेडियल असेल तर लेझर आणि आरएफए यांतलं ज्याच्यावर डॉक्टरचा हात बसलाय ते घ्या. ९८० उघडा फायबर असेल तर मी आरएफएकडे झुकेन. फायबर असो वा कॅथेटर, वस्तू एकदाच वापरायची आहे. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि त्याचा स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. संकोच करू नका.

ग्लूला उष्णता नाही, भोवती पाणी भरणं नाही, नसेला चटका नाही. पण गोंद अंगात कायम राहतो, काही जणांच्या मांडीवर आठ-पंधरा दिवसांनी लालसर, खाजरी रेषा उठते, आणि खर्च जास्त. मांडीतल्या सरळ, ९ मिलिमीटरच्या शिरेसाठी मला त्याची गरज दिसत नाही.

गुडघ्याखाली किती दूर जायचं हा प्रश्न खरा नाजूक. तिथं शिरेला चिकटून संवेदनेची नस जाते. घोट्यापर्यंत सरसकट उष्णता दिली तर नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. तो बहुतेकांचा काही महिन्यांत कमी होतो, सगळ्यांचा नाही. म्हणून बहुतेक जण पोटरीच्या वरच्या भागात थांबतात. पोटरीवरच्या गाठी उष्णतेनं जात नाहीत, त्या वळणावळणाच्या असतात, फायबर तिथून जात नाही. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आकड्यानं काढायच्या किंवा औषधाचा फेस सोडून बंद करायच्या. वडिलांच्या काळ्या, कडक झालेल्या कातडीवर छेद देऊ देऊ नका. तिथला छेद भरत नाही आणि नवीच जखम होऊन बसते. त्या भागाला फोम बरा.

जखम एकदा होऊन गेली आहे, म्हणून पुढे ढकलू नका. उघडी जखम असलेल्या ४५० रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेला अभ्यास २०१८ मध्ये आला. दाबाची पट्टी दोन्ही गटांना होती. शीर लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, नंतर केली त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. वडिलांची जखम सध्या भरलेली आहे, म्हणजे वेळ बरी आहे. पुढचा पावसाळा आणि यार्डातला चिखल यायच्या आत उरकलं तर उत्तम.

एक तपासणी राहून जाते. वडील तंबाखू किंवा बिडी घेत असतील किंवा साखर असेल, तर घोट्याचा रक्तदाब हाताच्या दाबाशी ताडून बघायला सांगा. गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर शुद्ध रक्ताच्या नळ्याही अरुंद आहेत, मग ऑपरेशननंतरचा घट्ट पायमोजा आपल्या मनानं घालायचा नाही. ०.५ च्या खाली तर अजिबात नाही, आधी त्या नळ्यांचा इलाज.

ऑपरेशन झालं की टेबलावरून उतरून तिथंच अर्धा तास चालायचं. पायाला २० ते ३० मिलिमीटर (पारा) दाबाचा मोजा. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१३ ची सूचना सात दिवसांहून जास्त मोजा नको अशी आहे. पण फोम किंवा आकड्यानं गाठी काढल्या तर आपल्याकडे दोन-तीन आठवडे ठेवतात, आणि वडिलांच्या कातडीला तो त्यानंतरही कामाच्या वेळेत घातलेला बरा. सांगलीच्या एप्रिलमध्ये मोजा कुणी ठेवत नाही हे माहीत आहे. म्हणून जमलं तर तारीख उन्हाळा तापायच्या आतली घ्या. घरी जाताना गाडीत मागे पाय लांब करून बसवा, पण साताऱ्यापर्यंत जायचं असेल तर दर तासाला उतरून दहा मिनिटं चालवा. रोज चालणं सुरूच ठेवायचं, पोती मात्र दोन आठवडे नाहीत.

पाचव्या ते दहाव्या दिवशी मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखं होतं, हाताला कडक वळ लागतो. मिटलेली शीर आकसते त्याचं ते लक्षण आहे, दुखण्याच्या साध्या गोळीवर भागतं. घाबरायचं ते पोटरी एकाएकी सुजून टणक झाली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर. त्या वेळी अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट अपघात विभाग गाठायचा. खोल शिरेत गुठळी होणं शंभरात एकाहून कमी वेळा घडतं, पण तेवढ्यासाठीच आठवड्याच्या आत पुन्हा डॉप्लर करून जांघेतला जोड बघतात. ही तपासणी पॅकेजमध्ये आहे का ते आधीच विचारा. कॅथेटर, गाठी काढणं, मोजा आणि ही दुसरी डॉप्लर, एवढं धरून आकडा मागितला की दोन दवाखान्यांची तुलना करता येते. विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत व्हेरिकोजला दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, तारीख बघून घ्या. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला हेच पॅकेज तिथं लागू आहे का ते विचारा.

तोवर, पोत्याचा कोपरा लागून एखादी गाठ फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते आणि माणूस घाबरून उभाच राहतो, त्यानं रक्त अजून जोरात येतं. वडिलांना तिथल्या तिथं आडवं करा, पाय पोत्यांच्या थप्पीवर उंच ठेवा, स्वच्छ फडकं घेऊन बोटांनी नेमकं त्या भोकावर दहा मिनिटं दाबून धरा. वर मांडीला दोरी आवळू नका. हे यार्डातल्या दोघा-तिघांना आधीच दाखवून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही जवळ नसणार.